भिंत्याची जागा

खडकीच्या त्या खोलीत आम्ही राहायला आलो त्याच दुपारी भिंतीपलीकडं चार माणसं मारली गेली. मी माझ्या कानानं ऐकलं. छकुलीचे बाबा सामान टाकून तसेच ड्यूटीला पळालेले, छकुली मांडीवर, भांडी अजून गोणीत, आणि पलीकडून घरमालक काकांचा आवाज आला. इतका थंड, की भाजीवाल्याला कुणी म्हणावं जरा ती मेथीची जुडी दाखवा. "डावीकडून घ्या त्याला. पिंपामागं बसलाय. हं. गेला. आता तो दुसरा." मग फट्. मग परत काका, "अहो, तोंडावर काय घेता? वाकता येत नाही का आपल्याला?" मग फट्, फट्.

मी छकुलीला उचललं, मोरीत शिरले आणि आतून कडी घातली. किती वेळ बसले काय माहीत. छकुली रडून रडून थकली, मग बादलीतल्या मगाशी खेळायला लागली, मी मात्र देवाचं नाव पण पुरं घेऊ शकत नव्हते, अर्ध्यातच दम लागायचा. शेवटी मोरीच्या झरोक्यातून काकांचाच आवाज आला.

"बाई, नळाला पाणी आलंय. आपण मोरीत आहातच, तर भरून घ्या."

संध्याकाळी छकुलीचे बाबा आले तेव्हा मी त्यांना दारातच धरलं, म्हटलं आत्ताच्या आत्ता इथून चला, हा माणूस खुनी आहे, वर सगळ्यांना आपण-आपण म्हणून मारतो. ते पलीकडं जाऊन आले आणि पोट धरून हसायला लागले. "कायले भेतं वं एवढी? म्हातारा गेम खेयते कंप्यूटरवर!"

आता मी घाबरट आहे हे खरंच. तेव्हा तर सगळ्यालाच घाबरायची. रस्त्याला, रिक्षावाल्याला, गॅसच्या लायटरला, इंग्रजी बोलणाऱ्या बायांना, दारावर कुणी टकटक केली तर त्याला, आणि दिवसभर कुणीच केली नाही तर का नाही केली त्याला. आमचं गाव यवतमाळकडं, मी सातवीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन वर्षात छकुली झाली आणि तिला घेऊन एकदम पुण्यात. छकुलीचे बाबा चिंचवडला कंपनीत लागले होते, सकाळच्या लोकलनं जायचे. स्टेशनाजवळ ती खोली मिळाली म्हणून आम्ही तिघं एकत्र राहू शकत होतो. ते सांगायचेच, "ही खोली गेली तर दुसरी आपल्याले झेपणार नाही. मग तू पोरीले घेऊन गावी जा, मी कंपनीतल्या पोरांच्या खोलीवर राहीन." एवढं बोलून ते घोरायला लागायचे आणि मी छताकडं बघत पडायची. पुण्याला मी घाबरायची ते वेगळं, पण गावी जाऊन सहा-सहा महिने नवऱ्याचं तोंड न बघणं, आणि छकुलीनं बापाला पाहुणा समजणं, त्याला मी जास्त घाबरायची.

तर काका. दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, सुपरवायझर होते. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन वाघोलीला. तीन खोल्यांचं बैठं घर, त्यातली एक आमची, दोन त्यांच्या, पुढं सगळ्यांना मिळून एकच ओटा. बुटके, ताठ, शर्टाचं वरचं बटण पण लावलेलं, आणि घरात कॅनव्हासचे बूट. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. त्याची गोष्ट मी त्यांना तीनदा विचारली आणि मला तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले सरकारला दिलं. एकदा म्हणाले मोजताना चुकून जास्त झालं होतं, परत केलं. आणि एकदा म्हणाले, "बाई, उरलेल्याची चौकशी करा. ते बरं आहे."

सगळ्यांना आपण आणि अहो. मला अहो, छकुलीच्या बाबांना अहो, दूधवाल्याला अहो. छकुली तेव्हा नुसती रांगत होती, तिनं त्यांच्या कॅनव्हासच्या बुटाची लेस चोखली तर तिला पण, "अहो, आपल्याला घरी जेवायला देत नाहीत का?" आणि कंप्यूटरमधल्या माणसांना तर फारच मानानं.

मी परत मोरीत जाऊन बसू नये म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तो गेम दाखवायला बोलावलं. पण खोलीत जाणं सोपं नव्हतं. उंबऱ्यापाशी एक स्टूल, स्टुलावर प्लास्टिकचा डबा. त्यात धातूचं सगळं काढून ठेवायचं, काडेपेटी असली तर ती पण. कारखान्यात दारूच्या खोलीत जायच्या आधी तसं करतात म्हणे, ठिणगी पडू नये म्हणून. मी म्हटलं काका पण इथं तर कंप्यूटर आहे. ते म्हणाले, "सवय ही जागा बघून लावायची नसते." मी केसातल्या पिना काढल्या, पदराची सेफ्टी पिन काढली, पदर दातात धरला. मग ते माझ्या पायाकडं बघायला लागले. जोडवी. मी तर रडकुंडीलाच आले. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या. नियमात जोडव्यांचं काही लिहिलेलं नाही."

आत पडद्यावर एक जुनं गोदाम होतं. लाकडी खोकी, पत्र्याची पिंपं, मागं लांब भिंत. निळ्या शर्टाची चार माणसं आपली, लाल शर्टाची चार पलीकडची. हातात बंदुका, पण बंदुकीत गोळी नाही, रंगाचा गोळा. लागला की फट् करून कपड्यावर रंग पसरतो, मग त्या माणसानं हात वर करून बाहेर जायचं आणि डाव संपेपर्यंत गप्प बसायचं.

"म्हणजे मरत नाहीत?"

"मरतील कशाला? कपडे खराब होतात. होळीला होतात तसे. फक्त नंतर कुणी गळ्यात पडत नाही."

निळ्यांपैकी एक काका स्वतः. बाकीचे तिघं कंप्यूटर चालवायचा. लाल तर चारही कंप्यूटरचेच. सीडी फुटपाथवरून आणलेली, स्वस्तातली, आणि त्या माणसांना अक्कल पण तेवढ्याच भावाची. काकांनी आपल्या तिघांना नावं दिली होती. पहिला पुढारी. डाव सुरू झाला की हा कुणाचं न ऐकता छाती काढून मधोमध पळायचा आणि पहिला रंगायचा. काका म्हणायचे, "या, पुढारी. सत्कार झाला का?" दुसरा शेपूट. तो काकांच्या मागं मागं, अगदी पाठीला चिकटून. काका थांबले की थांबायचा, वळले की त्यांच्या तोंडासमोर यायचा, आणि कधीकधी काकांच्याच पाठीत गोळा घालायचा. तेव्हा काका माऊस सोडून खुर्चीत मागं रेलायचे. "वा. घरचीच माणसं कामाला येतात शेवटी."

आणि तिसरा भिंत्या. हा डाव सुरू झाला की चालत चालत पिंपांच्या मागच्या कोपऱ्यात जायचा, भिंतीकडं तोंड करायचा आणि उभा राहायचा. संपलं. आजूबाजूला रंगाची होळी चालली तरी हा आपला भिंत बघतोय. लाल माणसं पण त्याच्या बाजूनं निघून जायची, त्यांना पण तो दिसायचा नाही बहुतेक. मला त्याची इतकी दया आली. मी म्हटलं, "घाबरला असेल हो तो."

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "शक्य आहे," म्हणाले. "आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही."

त्यांचं जिंकण्याकडं लक्ष नव्हतंच. मला ते समजायलाच महिना गेला. चारही लाल रंगवले तरी काका खूश नसायचे. डाव संपला की विचारायचे, आपले किती कोरे? पुढारी रंगला, शेपूट रंगला, म्हणजे त्यांच्या लेखी डाव वाया गेला. सगळी माणसं आत गेली तशीच बाहेर यायला पाहिजेत, एकाच्याही अंगावर शिंतोडा नको. म्हणून ते पुढारीच्या पुढं पळायचे त्याला अडवायला, आणि तो त्यांना ढकलून पुढं जायचा. रोज. मी एकदा म्हटलं काका तो ऐकणार नाही, तो कंप्यूटर आहे. म्हणाले, "कारखान्यात पण ऐकत नव्हते. ती तर माणसं होती."

आणि भोंगा. जवळच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा आमच्या गल्लीत ऐकू यायचा. तो झाला की काका हात उचलायचे. माऊसवरून दोन्ही हात वर, जशी कढईतून पुरी उचलावी तसे, आणि गेम जिथं असेल तिथं थांबवून जेवायला. समोर लाल माणूस बंदूक रोखून उभा असला तरी. "जेवणाची सुट्टी. आपणही जेवून घ्या," असं त्या लाल माणसाला सांगायचे. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की परत तिथूनच फट्.

जावई महिन्यातून एकदा यायचे. कंप्यूटरच्या मोठ्या कंपनीत होते, गळ्यात कंपनीची पट्टी, सुट्टीच्या दिवशी पण. माणूस वाईट नव्हता. काकांच्या डब्यात मोबाइल, किल्ल्या, पट्टा काढून ठेवायला त्यांना दरवेळी चांगला वेळ लागायचा, आणि मग एका हातानं पँट धरून आत यायचे. पण यायचे ते एकाच विषयासाठी. "बाबा, वाघोलीला चला. आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, बाग आहे, तुमच्या वयाची माणसं आहेत. हे घर देऊन टाकू."

काका म्हणायचे, "माझ्याकडं माणसं आहेत."

"ही? बाबा, हा बाजारातला सगळ्यात भंगार गेम आहे. यांना अक्कलच घातलेली नाही."

"अक्कल घातलेली माणसं मी नोकरीभर सांभाळली, जावईबापू. त्यापेक्षा हे बरे."

"तुम्ही एकटे असता. उद्या चक्कर येऊन पडलात, तर यांच्यापैकी एक तरी उठून पाणी आणून देणार आहे का?"

मी भिंतीला कान लावून ऐकायची. हे घर देऊन टाकू म्हणजे आमची खोली पण त्यातच. म्हणजे मी आणि छकुली गावी.

त्यातच जावयांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना कंप्यूटर काकांना आणून दिला, सुट्या भागांना उपयोगी पडेल म्हणून. काकांनी तो माझ्या खोलीत आणून ठेवला. माझ्याकडं जागा नाही म्हणाले. मग दोन दिवसांनी मधल्या बंद दाराच्या फटीतून एक वायर सरकत सरकत आमच्याकडं आली. मी किंचाळले, मला वाटलं साप. दारापलीकडून काका म्हणाले, "ती धरा आणि मागच्या भोकात घाला. भोक एकच आहे, चुकायची सोय नाही."

अशी मी भरती झाले. काका म्हणाले, भिंत्याला रजा दिली, त्याच्या जागी आपण. मी म्हटलं काका मला नाही जमायचं, मी सातवी आहे फक्त. म्हणाले, "हे तिघं बालवाडी पण नाहीत. आपण आल्यानं सरासरी वाढेल." माझ्या कंप्यूटरवर त्यांनी नाव पण तेच टाकलं जे गेममध्ये भिंत्याचं होतं, इंग्रजीत. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं कंप्यूटरच आहे.

छकुली दुपारी झोपली की आमचा डाव. पहिले काही दिवस लाल शर्ट दिसला की मी माऊस सोडून दोन्ही हात डोळ्यांवर घ्यायची. पलीकडून आवाज यायचा, "बाई, डोळे उघडा." मी म्हणायची तुम्हाला कसं दिसलं भिंतीतून? "भिंत्यासुद्धा एवढा निवांत कधी नव्हता." मग हळूहळू मला कळलं की लाल माणसं पण काही फार मोठी नाहीत. ती रोज त्याच वाटेनं येतात, त्याच पिंपामागं बसतात आणि डोकं बाहेरच ठेवतात. मी एकाला रंगवलं तेव्हा मीच ओरडले, "माय माय, लागलं का हो त्याला?"

काका म्हणाले, "विचारून येऊ का?"

त्याच आठवड्यात मी एकटीनं बाजारासमोरचा मोठा रस्ता ओलांडला. काकांनीच सांगितलं होतं, गाडी म्हणजे लाल माणूस, ठरलेल्या वाटेनंच येते, आपण फक्त पिंपामागून योग्य वेळी निघायचं. मी विजेच्या खांबाला पिंप समजले, छकुलीला काखेत घेतलं, आणि बस गेली, ट्रक गेला, आता, आता, आणि पळाले. पलीकडं पोचून केळीवाल्याच्या गाडीमागं खाली वाकून बसले. केळीवाला म्हणाला, ताई काय पडलं? मी म्हटलं काही नाही, बघतेय कुणी मागून येतंय का.

मग तो शनिवार. जावयांना सुट्टी, कारखाना चालू. छकुलीचे बाबा ड्यूटीवर. जावई आले ते सोसायटीतल्या फ्लॅटचे फोटो घेऊनच. मी भिंतीला कान लावलेला. त्यांचा आवाज त्या दिवशी वेगळा होता, थकल्यासारखा. "बाबा, ही रात्रभर झोपत नाही तुमच्या काळजीनं. आज काहीतरी ठरवा."

मग काका म्हणाले, "एक डाव खेळू. आपला लॅपटॉप जोडा. आपण लालमध्ये. आमचे सगळे रंगले, तर मी सामान बांधतो."

"आणि नाही रंगले तर?"

"आमचा एक जरी माणूस कोरा राहिला, तर हा विषय परत काढायचा नाही."

जावई हसले. "बाबा, ह्या टीमवर?"

"ह्याच टीमवर."

भिंतीवर टकटक झाली, म्हणजे जागेवर बसा. आमचं तसं ठरलेलं होतं, आणि डावात बोलता येत नसलं तर एक टकटक म्हणजे वळा, दोन म्हणजे पळा. छकुली नेमकी जागी. तिला पुढ्यात घेऊन मी बसले. हात इतके कापत होते की माऊस टेबलावर टकटक वाजत होता, मी त्याखाली छकुलीचा लंगोट घातला.

डाव सुरू झाला. पुढारी पळाला, फट्. सत्कार झाला. शेपूट काकांच्या मागं चिकटला आणि काका वळले तेव्हा हा उघड्यावर आला, फट्. तिकडं लालमधले कंप्यूटरवाले तिघं काकांनी एकामागून एक घेतले, पिंपामागं डोकं ठेवून बसलेले. मी काय केलं? मी काहीच केलं नाही. मला सुचलंच नाही. मी भिंत्याच्या कोपऱ्यात गेले, भिंतीकडं तोंड केलं आणि उभी राहिले. पडद्यावर नुसती विटांची भिंत. मागं कोण आहे, काही दिसेना. म्हटलं काका टकटक करतील तेव्हा वळेन.

आता राहिले काका आणि जावई, आणि कोपऱ्यात मी. पलीकडून जावयांचा श्वास पण ऐकू येत होता. "बाबा, खोक्यामागं आहात ना? दिसलात मला."

"दिसलो असेन. मी लपलेलो नाही."

आणि भोंगा झाला.

मला आधी कळलंच नाही काय होणार ते. मग जावयांचा आवाज आला, "बाबा, हात का वर केले? खेळा की!"

"जेवणाची सुट्टी झाली."

"अहो पण वायरीनं जोडून खेळताना असा थांबत नाही हा गेम! चालूच आहे!"

"तो गेमचा प्रश्न आहे."

"बाबा, मी मारीन हं."

"आपण आपलं काम करा."

फट्.

मी तोंडात पदर कोंबला. आता काका रंगले. आणि रंगलेल्या माणसानं बोलायचं नाही, खूण करायची नाही, हा काकांचाच नियम. म्हणजे टकटक होणार नाही. मी भिंतीकडं तोंड करून, आणि मला सांगणारं कुणी नाही.

जावई म्हणाले, "राहिलं कोण? तो अडकलेला? तो काय, येतो घालून एक गोळा." आणि गेममधले बूट वाजायला लागले, टप, टप, टप, माझ्या स्पीकरमधून, जवळ, अजून जवळ. मग थांबले. एकदम माझ्या मागं. फट् काही होईना. मी वाट बघतेय, आता होईल, आता होईल, डोळ्यांसमोर विटा नाहीत, आमच्या गावच्या एसटीची पाठ दिसतेय, खिडकीत मी आणि छकुली. तरी फट् होईना.

छकुलीला काय वाटलं काय माहीत, तिनं माऊस धरला आणि ओढला. पडदा गर्रकन फिरला आणि समोर लाल शर्ट, अगदी नाकासमोर, नुसता उभा. मी ओरडले. बोट दाबलं. मी दाबलं का छकुलीनं, ते आजपर्यंत नक्की नाही. लाल शर्टावर हा एवढा निळा रंग पसरला आणि त्या माणसानं हात वर केले.

इकडं मी ओरडल्याचं त्यांना ऐकू गेलं असणारच, आता काय होतंय म्हणून मी छकुलीचं तोंड दाबून बसले, तर ती हसतेय. मग खुर्ची सरकली. जावयांचा आवाज आला, एकदम गोड.

"बाबा, तुमचा हा तिसरा फार तयारीचा निघाला. काय नाव म्हणालात?"

"भिंत्या," काका म्हणाले.

"भिंत्या! जरा पाणी आण रे."

आणि मी उठले. शपथेवर सांगते, मला काही कळलंच नाही. कुणी मोठ्या माणसानं पाणी मागितलं की आपण उठतो, तशी उठले. छकुलीला काखेत मारलं, माठातून पाणी घेतलं, पलीकडं स्टील चालत नाही म्हणून प्लास्टिकच्या पेल्यात घेतलं, ओट्यावरून गेले, उंबऱ्यापाशी थांबले, केसातल्या पिना काढल्या, सेफ्टी पिन काढली, जावयांच्या किल्ल्यांशेजारी डब्यात टाकली, पदर दातात धरला आणि आत जाऊन पेला पुढं केला.

काकांनी डोळे मिटून घेतले.

जावयांनी माझ्याकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं, पेला प्लास्टिकचा आहे ते बघितलं. मग सगळं पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "बाबा, हा तर पाणी आणतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. तोंडातून पदर सुटला आणि मी सुरूच झाले, म्हटलं भाऊसाहेब काकांची काही चूक नाही हो, मीच, आणि ही खोली गेली तर आम्हाला गावी जावं लागेल, आणि ही बापाला ओळखायची नाही, आणि मी काही मुद्दाम नाही केलं, हिनंच ओढला माऊस. जावई हात वर करून थांबा थांबा म्हणेपर्यंत माझा दम संपला होता.

"वहिनी, सगळ्या वायरी जोडायच्या त्या डबीत माझी आणि बाबांची सोडून तिसरी वायर बघितली तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले. "पण खात्री मागं उभा राहिल्यावर झाली. कंप्यूटरचा माणूस अडकला की गप्प अडकतो. तुमचा भिंत्या सारखा थरथरत होता. म्हटलं भिंतीकडं तोंड करून एवढं घाबरतंय कोण, जरा बघू तरी."

"म्हणून मारलं नाहीत?" मी विचारलं.

"मारणारच होतो. तेवढ्यात हिनं मारलं." त्यांनी छकुलीचा गाल ओढला, एका हातानं पँट धरून डब्यातून पट्टा, किल्ल्या, मोबाइल घेतला. बाहेर पडता पडता फोन लावला आणि ओट्यावरूनच बोलले, बायकोशी बोलत असावेत. "अगं, नाही येत ते. नाही, एकटे कुठं, शेजारी माणसं आहेत त्यांची. हो, दोन. एक रांगती आहे." त्यानंतर ते महिन्यातून एकदा यायचेच, पण वाघोलीचा विषय नाही काढला. फक्त आले की ओट्यावरून ओरडायचे, भिंत्या, पाणी. आम्ही त्या खोलीत छकुली शाळेत जाईपर्यंत राहिलो.

पण ते पुढचं. त्या दिवशी जावई गेले आणि मी डब्यातून माझ्या पिना वेचत होते. काका खुर्चीत ताठ बसलेले, माझ्याकडं बघत नव्हते.

"बाई, आपण जागा सोडलीत."

मी पिना केसात खोचत राहिले.

"जिंकला तरी माणूस जागेवरून उठत नाही. कुणी हाक मारली म्हणून नाही, कुणी पाणी मागितलं म्हणून नाही. भोंगा होईपर्यंत उठायचं नाही."

"पण काका," मी भीत भीत म्हटलं, "भोंगा तर कधीच झाला होता."

काका पडद्याकडं वळले. तिथं गोदामात सगळे रंगलेले बाजूला उभे होते, आणि कोपऱ्यात भिंत्या, कोरा.

"हो," ते म्हणाले. "झाला होता." आणि उठून पाटाकडं गेले. "जेवणाच्या सुट्टीत पाणी द्यायला हरकत नाही."